हळदीच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका

संपादक साहेब,

माझ्या आईला अल्झायमर आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोन दिवसांनी कुणीतरी पाठवतंच की हळदीने मेंदूच्या पेशी वाचतात, गोळ्या बंद करा. हळदीतल्या कर्क्युमिनने प्रयोगशाळेत पेशींचं नुकसान कमी होतं हे खरंय, उंदरांवरही चांगले रिझल्ट आलेत, पण हळदीत ते असतं जेमतेम 3 टक्के आणि पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं, मिरीसोबत घेतलं तर जास्त शोषलं जातं पण म्हणून मेंदूपर्यंत पुरेसं पोचतंच असं नाही, आणि अल्झायमरच्या पेशंटवरच्या ट्रायलमध्ये ठोस फायदा दिसलेला नाही.

वनस्पतीत औषध नसतं असं मी म्हणत नाहीये हां. स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कंदातून मिळालेलं गॅलँटामिन 2001 मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी मंजूर झालं, आईची गोळी तीच! तिने स्मरणशक्तीला थोडा आधार मिळतो, मरणाऱ्या पेशी वाचतात असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

एका ओळखीच्यांचं ऐकून आम्ही ती गोळी मध्येच थांबवली होती, आई फार गोंधळली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आरोग्य पुरवणीत अशी बातमी देताना प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर, एवढं हेडिंगखालीच छापा ना प्लीज.

— एक वाचक, पुणे