'डामा'वर सही करण्यापूर्वी

संपादक महोदय,

ऐंशी ओलांडलेले वडील व्हेंटिलेटरवर, किडन्या थांबलेल्या, सुधारणेची आशा नाही. अशा वेळी बहुतेक घरांना एकच वाट ठाऊक असते: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर, म्हणजे 'डामा'वर, सही करायची. मग नळी घरी नाहीतर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये निघते. धाप लागते तेव्हा जवळ ना धाप शमवणारे मॉर्फिन असते ना नर्स.

याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018च्या निकालाने, आणि 24 जानेवारी 2023च्या सुधारणेने, रुग्णालयातच जीव टिकवून धरणारे कृत्रिम उपचार थांबवता येतात. रुग्णाने उपचारांबद्दल आधी लिहून ठेवलेले इच्छापत्र नसले तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो 48 तासांत मत देते. ते मत दुय्यम मंडळ तपासते. त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला लागतो. गाडी अडते ती इथेच, कारण नाव आधी ठरलेले नसते. दंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचे असते, त्यांची परवानगी लागत नाही. ही गफलत डॉक्टरांचीही होते.

नळी काढण्यापूर्वी धाप आणि तगमग शमवणारी औषधे शिरेतून सुरू हवीत. धाप लागल्यावर धावपळ नको. तोंडाने मॉर्फिन द्यायचे तर वृद्धांना साधारण अडीच मिलिग्रॅम, दर चार तासांनी, सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध. किडनी बिघडली असेल तर मॉर्फिन अंगात साचते, झटके येतात; मग फेंटानिल बरे. बेताने दिलेले मॉर्फिन जीव घेत नाही.

घशातली घरघर ऐकून नातेवाईक सक्शनचा, म्हणजे नळीने कफ ओढून काढण्याचा, आग्रह धरतात. खोलवर सक्शन त्रासच देते. डोके उंच करून कुशीवर वळवावे, लागल्यास घशातला स्राव कमी करणारे ग्लायकोपायरोलेट. शेवटच्या दिवसांत भूक मरते. सलाईन चालूच ठेवले तर पाणी फुप्फुसांत आणि पायांत उतरते. त्यापेक्षा दर दोन तासांनी ओल्या कापसाने तोंड पुसावे, ओठांना तूप लावावे (ऑक्सिजन सुरू असेल तर तूप-व्हॅसलीन नको). आणि आयसीयूतली भेटीची वेळ निदान अशा रुग्णासाठी तरी शिथिल करा, त्याला पैसा लागत नाही.

घरीच न्यायचे असेल, तर मृत्यूचे कारण नोंदवणारा '4अ' नमुना कोणते डॉक्टर भरणार, हे निघण्यापूर्वी ठरवा. नाहीतर स्मशानात खोळंबा होतो.

— उपशामक उपचार विभागातील परिचारिका, कोल्हापूर