उंबरठ्यावरचा वारा

इंदूर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तू वडोद्याहून पाठवलेला आपल्या दाराच्या चित्राचा फोटो गेले दोन दिवस मी पुन्हा पुन्हा पाहते आहे. चौकट, पितळी कडी, ओसरीवर बसलेली आजी, सारे हुबेहूब उतरले आहे. तरीही त्या दारातून वारा आत येत नाही, असे मला वाटले, आणि ते तुला स्पष्टच लिहावे म्हणून पत्राला बसले.

चित्रकार हळदणकरांचे, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र आठव. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आपण ते पाहिले, तेव्हा तू उजेडाकडे पाहत होतीस आणि मी तिच्या दुसऱ्या हाताकडे. तुळशीपाशी दिवा नेताना माजघरात माझा तो हात कधी वर येत नाही. उंबरठ्याशी आले की मात्र आपसूक ज्योतीआड जातो आणि बोटांच्या फटी केशरी होतात. त्या चित्रात एकही पान हलत नाही, तरी वारा आहे, कारण त्याला अडवणारा हात तेथे आहे. उजेडाचेही तसेच. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे पातळ रंगाखालून दिसणारा कागद, आणि तो उजळ दिसतो तो भोवतीच्या काळोखामुळे. तू बाहेरचे ऊन पांढऱ्या रंगाने भरलेस. त्याऐवजी माजघर गडद केले असतेस, तर ऊन आपोआप उंबरठा ओलांडून आत आले असते.

अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायथ यांनी १९४७ मध्ये टेंपेरात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत, समुद्रावरून येणारा वारा रंगवला, तो खिडकीतल्या विरलेल्या जाळीदार पडद्यावर. पोटमाळ्यावरची बंद खिडकी त्यांनी उघडली आणि तो पडदा वर उचलला गेला. त्यावर विणलेली पाखरेही त्याच झुळकीत उडताना दिसतात. तो पडदा आपल्या घरी शोभणार नाही, पण आपल्या दाराला चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, आहे. मे महिन्यात दुपारी लू, तो कढत वारा, सुटली की तिची खालची कड आत येते आणि परतताना चौकटीवर आपटते. तू ती चिक गुंडाळून वर बांधलेली का दाखवलीस?

ते आपटणे ऐकू कसे यावे, याचे उत्तर पहाडी लघुचित्रांतल्या अभिसारिकेपाशी, प्रियकराला भेटायला निघालेल्या नायिकेपाशी, आहे. काही चित्रांत अंधाऱ्या रानातून निघालेल्या तिच्या पायातले पैंजण निसटून पडते आणि ती मान वळवून मागे पाहते. तो आवाज मला नेहमी तिच्या त्या वळलेल्या मानेत ऐकू आला आहे. तुझ्या चित्रातली आजी आपल्याकडे सरळ पाहते, फोटोला बसल्यासारखी. तिचा चेहरा जरासा चिकेकडे वळव, आणि निवडत असलेल्या तांदळांवर तिचा हात थांबलेला दाखव.

सुट्टीत आलीस की भर दुपारी आजीशेजारी ओसरीवर बस. चिक मी सोडून ठेवते.

तुझी,
आई