हळदीची पोती

सांगली, मंगळवार

चि. गौरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की रेंज गेली, हे मी विचारत नाही. "बाबा, मी तुमच्या शाखेतली क्लार्क नाहीये," एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं. खरं आहे. मीही क्लार्क नव्हतो, ऑफिसर होतो, पण ते असो.

बँकांच्या विलीनीकरणावर तुम्ही जो कायदेशीर अभिप्राय देणार, त्यावर तुझी सही असणार की तुझ्या साहेबांची, एवढंच मला हवं होतं. तू म्हणालीस, फर्मची असते. तरी मी आणखी दोनदा विचारलं. तू ताटावर बसली होतीस हे आईने नंतर सांगितलं. चुकलंच माझं. आता सही हा शब्द काढत नाही.

तुझ्याकडे नागरी सहकारी बँकेच्या विलीनीकरणाचं काम आलं हे कळल्यापासून मी बँकिंग नियमन कायदा, १९४९ वाचायला घेतला आहे. हसू नकोस. चाळिशीत जे पाठ असायला हवं होतं ते सत्तरीत वाचतोय. कलम ४४अ दोनदा वाचलं. दोन्ही बँकांच्या भागधारकांची सभा, मूल्याने दोन-तृतीयांश बहुमत, आणि ज्याला मान्य नाही त्याच्या शेअरची किंमत रिझर्व्ह बँक ठरवणार. खालच्या काकांना हे सगळं समजावून सांगितलं. तू कोर्टात उभी राहत नाहीस म्हटल्यावर ते इतके दिवस तुला नोटरी समजत होते! मी म्हटलं, अहो, दोन बँका एक होताना कुणाचा रुपया कुठे जाणार हे ज्या कागदावर ठरतं, तो कागद आमची गौरी करते. काका म्हणाले, मग जबाबदारीचं काम आहे. बघ, त्यांनासुद्धा कळलं.

सांगली बँकेची पाटी उतरली तेव्हा मी कारण नसताना सायकल घेऊन बघायला गेलो होतो. १९१६ची बँक, २००७मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. त्याच्या आदल्या वर्षी साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न. २ सप्टेंबर २००६, शनिवार. मोरॅटोरियम, म्हणजे व्यवहारांवर तात्पुरती स्थगिती लागली, खात्यातून दहा हजारांच्या वर काढायचे नाहीत. आणि ३ ऑक्टोबरला त्याच शाखा आयडीबीआयच्या म्हणून उघडल्या. महिनाभरात! ठेवीदारांच्या ठेवी शाबूत. कलम ४५ काय करू शकतं ते मी तेव्हा पाहिलं, नाव मात्र आत्ता कळलं. त्या कलमाच्या योजनेत नोकरांना त्याच पगारावर, त्याच अटींवर पुढे ठेवण्याची तरतूद करता येते, हे वाचल्यावर मी चष्मा काढून ठेवला.

मी होतो त्या आपल्या सहकारी बँकेच्या वाट्याला ते आलं नाही. तेव्हा कलम ४४अ आणि कलम ४५मधली विलीनीकरणाची योजना सहकारी बँकांना लागू नव्हती. सहकार खात्याचे निबंधक एकीकडे, रिझर्व्ह बँक दुसरीकडे, मधे आम्ही. २०२०च्या दुरुस्तीने ते बदललं. आधी झालं असतं तर कुणी घेतलं असतं का आपल्याला? आमची वही बघून कुणी घेतलं नसतं, हेच खरं. निर्बंध आले, पुढे परवाना गेला, बँक गुंडाळायला अवसायक आले. ठेवींच्या विम्याचे जास्तीत जास्त लाख रुपये ज्याच्या-त्याच्या हातात. १९९३ला ठरलेला लाख २०२०पर्यंत लाखच होता. आता पाच आहेत, पण सुमनमावशीला त्याचं काय! तिच्या ठेवी माझ्या शब्दावर होत्या. ती दिवाळीला येईनाशी झाली, ते तुला वाटलं तसं दादाच्या लग्नातल्या मानपानावरून नव्हे.

आता मूळ गोष्ट. फोनवर सांगायची होती, पण मी तीच तीच चौकशी करत बसलो.

तू दहावीत होतीस तेव्हा मला सहकार कायद्याच्या कलम ८८ची, म्हणजे बँकेचं नुकसान अधिकाऱ्यांकडून भरून घेण्याची, नोटीस आली होती. घरात आम्ही 'ऑडिटचं काहीतरी' म्हणत होतो. एका हळद व्यापाऱ्याचं कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तशी उचल करायचं कर्जखातं होतं, गोदामातला माल तारण. दर महिन्याला त्याचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाची यादी यायची, आणि गोदामात जाऊन पोती मोजून त्यावर 'तपासले' लिहायचं काम माझं. पहिले काही महिने मी गेलो. हळदीच्या गोदामातून आलं की सदरा पिवळा व्हायचा आणि आई चिडायची, तुला आठवत असेल. पुढे चेअरमनसाहेब म्हणाले, माणूस आपला आहे, कशाला ऊन खाता? मी ऊन खाणं बंद केलं. टेबलावर बसून 'तपासले' लिहीत राहिलो, अकरा महिने. खातं थकल्यावर गोदाम उघडलं तर दर्शनी दोन थप्प्या हळदीच्या आणि मागे भुशाची पोती.

फाइल मात्र इतकी नीट होती, गौरी, की तपासायला आलेला माणूस म्हणाला, अशी फाइल बघायला मिळत नाही.

म्हणून रविवारी तू सहज म्हणालीस ना, की तुमच्या अभिप्रायात वाक्यच असतं, 'दाखवलेली कागदपत्रे खरी आहेत असे गृहीत धरून', तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ते वाक्य सगळेच वकील लिहितात, त्याशिवाय तुमचं काम चालणार नाही, हे मला समजतं. पण उद्या त्या बँकेच्या फाइली चाळताना प्रत्येक महिन्याला एकाच पेनाने, एकाच वळणाचं 'तपासले' दिसलं, तर थांब. कुणी तरी उन्हात गेलेलं नाही. घेणाऱ्या बँकेला सांग, एक माणूस गोदामात पाठवा. ते म्हणतील मुदत संपत आली, साहेब म्हणतील हे आपलं काम नाही, लेखापरीक्षकाचं आहे. म्हणू देत. तोंडी सांगू नकोस, लिहून दे, तारखेसह. आणि सही करताना...

बघ, आलोच तिथे. तुला शिकवतोय असं वाटून घेऊ नकोस. तुला माझ्याहून दहापट कळतं, पुण्याला लॉ कॉलेजात तुझ्या पहिल्याच वर्षी मला ते कळलं होतं. तुला घाबरवायचंही नाही. कुणी तुला 'माणूस आपला आहे' म्हणालं तर काय करशील, एवढंच मनात येत राहतं. तू माझी मुलगी आहेस, त्याचीच भीती वाटते.

माझ्या नावावर आलेला आकडा आईच्या पाटल्यांतून आणि माझ्या ग्रॅच्युइटीतून फिटला. गच्चीला गळती वगैरे काही लागली नव्हती.

दिवाळीला येताना रात्रीच्या गाडीने येऊ नकोस. दादाला सांगितलंय, तो स्टेशनवर येईल. आईशी बोलताना जरा जपून. पाटल्यांचं तिला सगळं ठाऊक आहे. मी अकरा महिने गोदामात गेलोच नव्हतो, हे ठाऊक नाही. पोती मागाहून बदलली, असं मी तिला सांगितलं होतं.

तुझा,
बाबा