जुन्या खंडांपर्यंत पोहोचवणाऱ्या ग्रंथपालताईंना

आदरणीय ग्रंथपालताई,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या मुलांना विद्युतचुंबकत्व शिकवताना मूळ शोधलेख त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवायचे, एवढंच मनात धरून मी तुमच्याकडे आले होते. हातात तळटिपांतून उतरवून घेतलेले संदर्भ होते आणि सूचीत ते सापडत नव्हते. तुम्ही कागद पाहिलात आणि सांगितलंत, की ‘विडेमान’ हे नियतकालिकाचं नाव नाही, संपादकाचं आहे. ‘अनालेन डेर फिजिक’ या जर्मन नियतकालिकाखाली शोधा. हर्ट्‌झचा विद्युतचुंबकीय लहरींवरचा १८८८ चा लेख त्याच रांगेत निघाला. ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या इंग्रजी नियतकालिकाचंही तसंच. नवी मालिका सुरू झाली की खंडांचे आकडे पुन्हा एकपासून. मॅक्सवेल चौथ्या मालिकेत, तर जे. जे. थॉमसनचा १८९७ चा कॅथोड किरणांवरचा लेख पाचव्या मालिकेच्या ४४ व्या खंडात. ही माहिती सूचीत कुठेच लिहिलेली नव्हती. ती तुमच्याकडे होती, आणि तुम्ही ती हातचं न राखता दिलीत.

मुलं आली तेव्हा तुम्ही लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचा, ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा, १८३२ चा खंड उशीवर अर्धवट उघडून ठेवला होतात, शिवण ताणली जाऊ नये म्हणून. फॅरेडेने आपल्या लेखमालेतल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक दिला आहे. २७ व्या परिच्छेदात सहा इंच व्यासाचं मऊ लोखंडाचं कडं येतं, मग त्यावरची तांब्याच्या तारेची वेटोळी. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताच दुसऱ्याला जोडलेली सुई हलते, जागेवर येते, बॅटरी तोडताच उलटी हलते. आमच्या पुस्तकात हे एका सूत्रात उरकलेलं असतं. इथे मात्र मुलांना तो माणूस प्रवाह चालू राहील अशी वाट पाहताना आणि तो का राहत नाही याचा पिच्छा पुरवताना दिसला. एका मुलीने तो परिच्छेद हाताने वहीत उतरवून घेतला.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय निरीक्षणांच्या खंडांसाठी. मी ते मागितलेच नव्हते. “मुंबईचंही बघा की,” म्हणत तुम्ही स्वतःच ते काढून आणलेत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावर लख्ख उजेड पाहिला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र एकाएकी डळमळलं, आणि कुलाब्यात क्षैतिज (आडवं) चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) खाली गेलं. त्या वेळी तिथे बसून आकडे टिपणाऱ्यांनी वादळात वाचनं अधिक जवळजवळ घेतली, म्हणून ती घसरण हाती लागली. त्या आकड्यांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी वादळाची तीव्रता नव्याने काढली. आज उपग्रह आणि वीजवाहिन्यांना धोका किती, हे ठरवताना कुलाब्याचे ते तक्ते वापरले जातात! आमच्या वर्गातल्या मुलांना हे कळलं तेव्हा ती काही वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. तुम्ही दिलेल्या कोऱ्या कागदाच्या पट्टीआडून, अर्थातच.

याच वेधशाळेत केरूनाना छत्रे तरुणपणी कामाला होते. पुढे टिळकांना गणित शिकवणारे तेच केरूनाना. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विद्युतप्रवाहाने वेधशाळेतल्या चुंबकसुयांची वाचनं बिघडणार, म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवं ठाणं उभं केलं आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी समांतर चालू ठेवल्या. मालिका तुटू नये याची ही काळजी मला फार मोलाची वाटते. तुमच्या कपाटांतली एकही रांग मधूनच तुटलेली नाही, त्यामागेही अशीच कुणाची तरी काळजी असणार.

जुने खंड कुणी उघडत नाही, जागा अडते, असं आता सर्रास ऐकू येतं. एखाद्या ग्रंथालयात असा विचार सुरू असेल तर त्यांनी आधी तुमच्यासारख्या कुणाला तरी विचारावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. संगणकावर पान मिळतं, पण विडेमान कुठे शोधायचा हे सांगायला माणूस लागतो.

मुलांनी १८५९ च्या आकड्यांवरून काढलेला आलेख या पत्रासोबत पाठवत आहे. वाचनकक्षात लावता आला तर त्यांना फार आनंद होईल. पुढच्या वर्षीच्या तुकडीला घेऊन पुन्हा येईन. तेव्हा अँपिअरचे १८२० चे फ्रेंच लेख पाहायचे आहेत. तुमच्या आणि खंड वर-खाली वाहून आणणाऱ्या सहायक दादांच्या आम्ही सगळे ऋणी आहोत.

आपली नम्र,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका