मनू, असे लेख वाच

प्रिय मनू,

सीएच्या रिझल्टनंतर तू फोनवर फार बोलली नाहीस, म्हणून लिहितेय, सावकाश वाच. दोन पेपरात ५७-५८ आणि एकात ३८, ॲग्रिगेट पन्नास टक्क्यांच्या वर असूनही एका पेपरात ४० नाहीत म्हणून अख्खा ग्रुप गेला, आणि कुठल्याच पेपरात साठ नाहीत म्हणून एक्झेम्प्शन (तो पेपर परत न देण्याची सूट) पण नाही, म्हणजे तिन्ही पेपर परत. किती जीवाला लागलं असेल ते कळतंय मला.

व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे तुला ते व्हिडिओ पाठवतायत ना, आधी फेल झाला आणि मग रँक आला टाइप, मला ते मनापासून आवडत नाहीत. त्यात नापास होण्याला किंमत कधी, तर पुढे रँक आला म्हणून. आणि नाही आला तर? मग त्या माणसाचं काय, त्याचा व्हिडिओ कोणी बनवत नाही.

म्हणून म्हणते, स्वतःबद्दल खरं लिहिणाऱ्यांचं वाच. आपल्याकडे १९०९ला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून दिवाळी अंकांची परंपरा आहे, आणि त्यात असं एखादं लिखाण सापडतंच. परवा स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून (१८९३चं आहे गं, अजून चालू आहे, किती बरं वाटतं) एक जुना अंक आणला. त्यात एका बाईंचा लेख आहे. बरीच वर्षं गाणं शिकल्या, आवाज काही लागला नाही, सोडलं. मग एकदा कपाटावरची पेटी खाली काढतात, खोळ काढतात, दमट हवेने दोन पट्ट्या चिकटलेल्या, तरी उरलेल्या पट्ट्यांवर थोडं वाजवतात आणि मुलीला जेवायला हाक मारतात. बस, तिथेच संपतो. मग मी मोठी गायिका झाले वगैरे काही नाही, आणि तरी त्या बाई मला कुठेच कमी वाटल्या नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पण घे. पहिला भाग १९३४चा, तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या. लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या, आणि स्वतःचा भाबडेपणा, रुसवे, फजिती सगळं जसंच्या तसं सांगतात, कुठे झाकाझाक नाही. तुझ्या वयाला मला कोणी हे हातात दिलं असतं तर फार बरं झालं असतं असं वाटतं.

परत अटेम्प्ट द्यायचा की नाही ते तूच ठरव, बाबा काही बोलणार नाहीत, मी सांगितलंय त्यांना. नाही दिलास तरी तू आम्हाला आत्ता आहेस तेवढीच हवी आहेस, हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये.

अंक परत करायचा होता म्हणून त्या लेखाचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेत. तिसरं पान जरा हललंय, नाही वाचता आलं तर फोन कर, मी वाचून दाखवते.

तुझी,
आई