डेकचा आकडा सुतार देतो, परवानगीचा कोण देणार?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गोव्यात आमचं घर उतारावर आहे, पाठच्या दाराला सहा पायऱ्या. आईचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात आणि पावसात त्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर ती घरातच अडकून पडते. म्हणून ठरवलं की स्वयंपाकघराच्या दाराच्या लेव्हलला एक लाकडी डेक करायचा, 12 फूट बाय 10 फूट, खाली लोखंडी खांब, वर फळ्या आणि कठडा, बस्स. सुतार आला, टेप लावली, कॅलेंडरच्या पानामागे हिशोब मांडला, फळ्या किती, स्क्रू किती, तेलाचे हात किती, मजुरी किती, आणि अर्ध्या तासात आकडा माझ्या हातात दिला. परवानगीला किती खर्च येईल एवढंच विचारत मी मात्र दीड महिना फिरतोय.

पंचायतीत म्हणाले लायसन्सची फी बांधकामाच्या अंदाजपत्रकावर ठरते, ते इंजिनिअरच्या सहीचं आणा. म्हणजे फी किती हे कळण्यासाठीच आधी इंजिनिअरची फी भरायची. त्याआधी टाउन प्लॅनिंग खात्याचा टेक्निकल क्लिअरन्स, तिथला हिशोब चौरस मीटरवर, तर आमचे 120 चौरस फूट म्हणजे 11.15 चौरस मीटर हे मोबाईलवर मीच काढलं. मग विचारलं की गोव्याच्या 2009 च्या कायद्याचा इन्फ्रास्ट्रक्चर टॅक्स ह्याला लागतो का, तर एक म्हणाला वर छप्पर नाही तर एरिया मोजतच नाहीत, दुसरा म्हणाला खांबांवर उभं आहे म्हणजे बांधकामच झालं. दोघंही प्रेमाने बोलले, पण आकडा काय तो कुणी लिहून दिला नाही.

आणि खरं सांगायचं तर पावतीवरची फी हा ह्यातला लहान भाग असं मला आता वाटायला लागलंय. खरा पैसा आणि वेळ जातो कागदांत. सर्व्हे प्लॅन, फॉर्म वन अँड फोर्टीन (म्हणजे गोव्यातला सातबारा), ड्रॉइंग, इंजिनिअरचा दाखला, प्रत्येकासाठी झेरॉक्स आणि एक सुट्टी. आमच्या फॉर्मवर अजून आजोबांचंच नाव आहे, म्हणजे म्युटेशन (नोंदीवरचं नाव बदलणं) नाहीतर सगळ्या वारसांची एनओसी, आणि काका मुंबईला, आत्ये बेळगावला. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं) घर असेल तर भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, प्रश्न वेगळाच, घर कोमुनिदादच्या (गावाच्या सामाईक) जमिनीत असेल तर त्याहून वेगळा. समुद्रापासून 500 मीटरच्या आत किंवा भरतीचं पाणी येणाऱ्या नदीकाठी घर असेल तर सीआरझेडचं (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचं) बघावं लागतं. हे सगळं धरल्याशिवाय अंदाज काढलाच तर तो चुकणारच.

शेजारी सांगतात कर रे तसंच, लाकडाचं तर आहे, कोण बघतोय. मला ते पटत नाही. उद्या कुणी तक्रार केली की नोटीस माझ्या नावाने येणार आणि आईच्या डोळ्यांसमोर ते पाडायची पाळी येणार. बिनपरवाना बांधकामं नियमित करायचा 2016 चा कायदा आहे खरा, पण तो फेब्रुवारी 2014 च्या आधीच्या बांधकामांसाठी, आज नवीन उभं करणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक पंचायतीच्या भिंतीवर एक कागद लावा, मराठीत आणि कोंकणीत. छप्पर नसलेला डेक, छप्पर असलेला डेक, बल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), गच्चीवरची शेड, अशी चार घरगुती कामं घ्या, साधारण 10 चौरस मीटरचा हिशोब करून दाखवा, कुठल्या ऑफिसला किती, कुठला टॅक्स लागतो, कुठला लागत नाही, कुठले कागद आणि किती दिवस. माहिती हक्काच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 4 सांगतं की लोकांनी मागायच्या आधीच ऑफिसांनी अशी माहिती उघड करायची, म्हणजे मी काही जास्तीचं मागत नाहीये. जो माणूस नियमाने करायला तयार आहे, त्याला निदान किती पैसे बाजूला ठेवायचे हे तरी कळू दे ना.

तोपर्यंत एक विनंती वाचकांना. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी गोव्यात घराला असा डेक, बल्कांव किंवा शेड परवानगी काढून केली असेल, तर फी किती, कागदांना किती, फेऱ्या किती, हे ह्याच सदरात लिहून कळवा, तालुका सांगितलात तर आणखी बरं. सुताराने मला चतुर्थीनंतरची तारीख दिली आहे, त्याच्या आत मला आकडा जुळवायचाय.

आपला,
एक वाचक, उत्तर गोवा