गायरानाचा करार चारणाऱ्याशी का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सौर प्रकल्पांना गायरान, म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन, भाडेपट्ट्याने देण्यावरून अनेक गावांत वाद होत आहेत. शेतीला दिवसा सौर वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे, शिवाय दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमिनीचे भाडे मात्र नाममात्र एक रुपया! शेतकऱ्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे. पण पडीक समजून दिलेले गायरान पडीक नसते.

मेंढपाळांचे वर्ष कसे जाते ते पाहा. दिवाळीनंतर अनेक कळप घाट उतरून कोकणात जातात. भात काढलेल्या खाचरांत मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला खत आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. कागद नसतो, सारे शब्दावर चालते. पावसाळ्यात माण, पारनेरसारख्या घाटावरच्या दुष्काळी तालुक्यांकडे परतावे तर शिवार पेरलेले. त्या चार महिन्यांत माळ आणि गायरान एवढाच आसरा. तिथे तारेचे कुंपण पडले की चारा जातोच, पाणवठ्याची वाटही बंद होते. मग एखादे मेंढरू पिकात शिरते आणि भांडण पेटते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २२ अ गायरान दुसऱ्या कामासाठी वळवायला मनाई करते, पण सार्वजनिक प्रयोजनाचा अपवाद ठेवते. सगळे त्या अपवादातून निसटते. अतिक्रमण हटवताना मात्र जोर दिसतो तो पोटासाठी दोन एकर कसणाऱ्या भूमिहीनांवर, ज्यांच्यासाठी आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह केला. हे मला अन्यायाचे वाटते.

अमेरिकेत १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्यानंतर सरकारी कुरणांसाठी पशुपालकाला परवाना मिळू लागला. तो सहसा १० वर्षांचा असतो आणि किती जनावरे, कोणत्या काळात चरतील हे त्यात लिहिलेले असते. आपल्याकडे सातबाऱ्यावर गायरान सरकारचे, चारणाऱ्याचा उल्लेखही नाही. मग हरकत घ्यायची तरी कशाच्या आधारे?

म्हणून शासनाने गावातले गुरे राखणारे आणि हंगामी येणारे मेंढपाळ, दोघांचेही चराईचे महिने, वाटा व पाणवठे ग्रामसभेत नोंदवून सामूहिक चराई परवाने द्यावेत. ही नोंद होईपर्यंत कोणत्याही गायरानाचा नवा भाडेपट्टा करू नये.

— एक पशुपालक वाचक